लाखोळी, तंतुकणिका आणि भामरागडची वाट

(चंद्रपूर येथे झालेल्या वार्षिक स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

धानाची चुरणी अर्धवट टाकून मूल, सिंदेवाही, नागभीडहून इथवर आलेल्या मंडळींनो,

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी मला आठवीत पेशी शिकवली. फळ्यावर एक मोठा गोल, मधे केंद्रक आणि कडेला शेंगदाण्यासारख्या तीन-चार आकृत्या. त्या आकृत्यांवर खडू टेकवून ते म्हणाले, "या तंतुकणिका. म्हणजे पेशीचं ऊर्जानगर." वर्ग हसला. पुस्तकात 'ऊर्जाकेंद्र' होतं, पण चंद्रपूरच्या पोरांना वीजकेंद्राचं ऊर्जानगर कळतं हे त्यांना ठाऊक होतं. पुढे नागपुरात मेंदूविकारांचा डॉक्टर म्हणून मी आयुष्य काढलं. मायटोकॉन्ड्रिया हा शब्द हजार वेळा वाचला, लिहिला. अजूनही तो समोर आला की मला दुर्गापूरची धुराडी दिसतात.

संयोजकांनी मला विषय दिला होता 'मज्जासंस्थेच्या झिजेचे आजार आणि नवे प्रथिन-उपचार'. विषय चांगला आहे. पण परवा मूलकडून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्यांमधून लाखोळीची निळी फुलं दिसली, आणि मी ठरवलं की सुरुवात तिथूनच करायची. तंतुकणिका बिघडली की माणसाचं काय होतं, हे जगातल्या फार थोड्या ठिकाणी इतक्या जवळून पाहायला मिळालं असेल. आपल्या झाडीपट्टीत ते ताटात वाढलेलं होतं.

लाखोळी तुम्हाला सांगायला नको, पण सभागृहात शहरातली मुलंही आहेत. धान निसवून पिवळं पडायला लागलं की कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, बांधीत चिखल असतानाच, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकायचं. नांगर नाही, खत नाही, पाणी देणं नाही. धान कापलं की खाली बोटभर हिरवी रोपं उभी असतात. पुढे ती दव आणि जमिनीतल्या ओलीवर वाढतात. कोवळे शेंडे खुडून भाजी, दाण्याची डाळ, डाळीचं बेसन, कुटार बैलांना. जमिनीत नत्र राहतं ते वेगळंच. ज्याच्याकडे विहीर नाही, मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाचं पाणी ज्याच्या बांधीपर्यंत पोहोचत नाही, त्याला दुसरं पीक देणारी ही एकच शेंग. दाण्यात पाव हिश्शाहून जास्त प्रथिन असतं. गरिबाची डाळ म्हणतात ती हीच.

आणि याच डाळीनं माणसं लुळी होतात.

आमच्या गावात एक म्हातारा होता. नाव सांगत नाही, त्याची नातवंडं आहेत. तो दोन काठ्यांवर चालायचा. चालायचा म्हणणं खरं तर चूकच. टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत, फक्त चवडे. गुडघे एकमेकांवर घासायचे, पाय कात्रीसारखे एकमेकांच्या आडवे यायचे, आणि दर पावलाला अख्खं अंग एका बाजूला झुकायचं. लहानपणी आम्ही त्याची नक्कल करायचो. त्याची मला आजही लाज वाटते. त्याच्या काठ्यांची खालची टोकं झिजून तिरपी झाली होती, आणि सारवलेल्या अंगणात त्या काठ्यांचे आणि चवड्यांचे ठसे उमटायचे. टाचेचा ठसा कधीच नसायचा.

डॉक्टर झाल्यावर मी त्याला तपासलं. हात भक्कम, बोलणं स्पष्ट, स्मरण माझ्यापेक्षा चांगलं. पायाला टाचणी टोचली तर बरोबर सांगायचा. स्नायू वाळलेले नव्हते, उलट लाकडासारखे ताठ होते. "पाय आयकत नाई गा बाबू," एवढंच तो म्हणाला. कमरेखालचे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी गेल्या की काय होतं, याचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. वैद्यकात या आजाराच्या पायऱ्या काठ्यांवरूनच मोजतात. काठीविना, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. तो तिसऱ्या पायरीवर थांबला होता. एकदा आलेला हा आजार सहसा पुढे सरकत नाही. पण मागेही फिरत नाही.

तो तरुणपणी सालदार होता. वर्षाच्या बोलीवर मजुरी, आणि मजुरी म्हणून धान्य. एका सुक्या सालात धान करपलं, तेव्हा मालकानं लाखोळी मोजून दिली. तीन-चार महिने घरात तीच शिजली. तीच भाकर, तीच डाळ. माघात एके सकाळी तो उठला आणि त्याचे पाय जड झाले होते. हा सगळा वृत्तांत त्यानं कोणावरही राग न धरता सांगितला. मला मात्र अजून राग येतो.

असं आपल्याकडेच घडलं असं नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन सागरच्या बाजूला फिरत होता. त्यानं 1844 मध्ये छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की 1829 ते 1831 अशी तीन वर्षं ओळीनं गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला, पण तिवरा, म्हणजे आपली लाखोळी, जोमानं आली. लोकांनी ती खाल्ली, आणि 1833 पासून तिशीच्या आतली पोरं कमरेखाली लुळी पडू लागली. स्पेनमध्ये माद्रिदच्या 1811-12 च्या दुष्काळावर गोया या चित्रकारानं जी चित्रं कोरली, त्यांतल्या एकाचं नावच 'लाखोळीची कृपा' अशा अर्थाचं आहे. त्यात उपाशी माणसं दाण्याच्या पिठाच्या लापशीभोवती जमली आहेत. 1942 च्या हिवाळ्यात, आज युक्रेनमध्ये असलेल्या वापन्यार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज हीच डाळ खायला दिली जात होती. तिथं कैदी असलेले डॉक्टर आर्थर केस्लर यांनी काही महिन्यांत शेकडो लोकांचे पाय जाताना पाहिले आणि रोग ओळखला. 'लॅथिरिझम' हे नाव त्याआधीच, 1873 मध्ये, नेपल्सच्या कांतानींनी दिलेलं होतं.

यातली एकही गोष्ट लाखोळीच्या दोषाची नाही. दुष्काळ, छावणी, वेठबिगारी, कर्ज. ज्याच्यापुढे दुसरं ताट नव्हतं, त्याचेच पाय गेले. मध्य प्रदेशात रीवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून तिवरा मोजून दिला जाई. तिथं हा आजार पिढ्यान्‌पिढ्या टिकला आणि मालकांच्या घरात फारसा शिरला नाही. माझ्या वडिलांकडेही लाखोळी पिकायची आणि आम्ही ती आवडीनं खायचो. पण आमच्या ताटात भात असायचा, कधी तुरीचं वरण, कधी अंबाडी, कधी मासोळी. ती ताटात चवीपुरती होती. त्याच्या ताटात दुसरं काही नव्हतंच.

मग नेमकं विष कुठलं? याचं उत्तर 1964 मध्ये भारतातच मिळालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, अडिगा आणि सरमा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक लहानसं अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याचं नाव फार लांबलचक आहे, 'ओडॅप' एवढ्यावर भागवू. गंमत म्हणजे हाच रेणू चीनमधल्या एका जिनसेंगमध्येही असतो आणि तिथं रक्तस्राव थांबवायला वापरतात. आपल्या गावरान दाण्यात तो साधारण अर्धा टक्का असतो, कमी-जास्त. आणि एक क्रूर गोष्ट ऐका: रोपाला पाणी कमी पडलं की ते ओडॅप जास्त तयार करतं. म्हणजे ज्या साली धान जातं आणि माणसाला लाखोळीशिवाय काही उरत नाही, त्याच साली दाण्यात विष वाढलेलं असतं.

ओडॅप दिसायला ग्लुटामेटसारखं असतं. ग्लुटामेट हे मेंदूतलं रोजचं निरोप्याचं काम करणारं द्रव्य. एका पेशीनं दुसरीला 'उठ' म्हणायचं, तर ते ग्लुटामेटच्या तोंडून. ओडॅप त्याच कुलुपात शिरतं, पण दार उघडतं आणि उघडंच ठेवतं. पेशी सतत पेटलेली राहते. इथवर साठ-सत्तरच्या दशकात अंदाज आला होता. पण यातून एक प्रश्न सुटत नव्हता. ग्लुटामेट तर अख्ख्या मेंदूभर चालतं, मग बुद्धी शाबूत कशी राहते, हात कसे वाचतात, आणि पायच का जातात?

बंगळूरच्याच निम्हान्समध्ये विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात याचा पाठपुरावा केला. पुढे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची उभारणी त्यांनीच केली. 1993 मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की ओडॅपमुळे तंतुकणिकेतलं एक विशिष्ट यंत्र बंद पडतं. त्याला कॉम्प्लेक्स वन म्हणतात.

आता ऊर्जानगरला चला. 2,920 मेगावॅटचं केंद्र, पण सगळं अवलंबून असतं कोळसा आत घेणाऱ्या पट्ट्यावर. बॉयलर धड, टर्बाईन धड, पण पट्टा अडकला की संच ट्रिप. कॉम्प्लेक्स वन हा तंतुकणिकेचा कोळशाचा पट्टा. अन्नातून आलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या रूपानं पहिल्यांदा आत शिरते ती मुख्यतः इथून. रवींद्रनाथांच्या उंदरांमध्ये ओडॅप दिल्यावर हा पट्टा बंद पडला, पण सगळीकडे नाही. मेंदूचा जो भाग हालचालीचा हुकूम देतो तिथं, आणि मज्जारज्जूच्या कमरेच्या भागात. म्हणजे माझ्या गावच्या म्हाताऱ्याच्या शरीरात जिथं बिघाड होता, बरोबर तिथंच. मेंदूतून निघून कमरेपर्यंत जाणाऱ्या मज्जापेशीचा तंतू अर्ध्या मीटरहून लांब असतो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो खातो. ज्या पेशीची लाईन सर्वांत लांब तिला वीजही जास्त लागते, आणि भारनियमनात पहिला अंधार तिच्याकडेच पडतो.

आणखी एक गोष्ट त्यांना सापडली, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. हा पट्टा तुटत नाही, गंजतो. त्याच्या प्रथिनांत गंधकाचे जे हात असतात ते ओडॅपच्या धुमाकुळात एकमेकांत अडकतात. शरीरात हा गंज सोडवणारं एक लहानसं प्रथिन असतं, ग्लुटारेडॉक्सिन. ते ग्लुटाथायोन नावाच्या लहान रेणूच्या मदतीनं अडकलेले हात सोडवतं. उंदरांमध्ये काही काळानं कॉम्प्लेक्स वन आपोआप परत सुरू होई, कारण पेशी घाईघाईनं ग्लुटारेडॉक्सिन वाढवत असे. 2002 मध्ये छापलेल्या कामात या गटानं ते वाढू दिलं नाही, आणि पट्टा बंदच राहिला. म्हणजे एक प्रथिन वेळेवर पोहोचलं तर मज्जापेशी वाचते. नाही पोहोचलं तर दोन काठ्या.

नंतरच्या कामात दिसलं की मादी उंदरांच्या मेंदूत ग्लुटारेडॉक्सिन जास्त असतं, आणि ते इस्ट्रोजेनच्या आधारानं टिकतं. हे वाचलं तेव्हा मला त्या म्हाताऱ्याची बायको आठवली. तिनं तीच लाखोळी खाल्ली होती, तेच महिने, आणि ती ताठ चालत होती. एका जोडप्यावरून सिद्धान्त काढू नये हे मला कळतं. तिनं कमी खाल्लं असेल, कारण आपल्याकडे बायका शेवटी जेवतात आणि उरलंसुरलं खातात. पण जगभरच्या नोंदींत या आजारानं तरुण पुरुषच जास्त लुळे केले आहेत, आणि त्यामागचं एक कारण रवींद्रनाथांच्या उंदरांनी दाखवलं आहे एवढं मात्र खरं.

आता संयोजकांच्या विषयाकडे येतो, नाहीतर ते रागावतील. प्रथिन पोहोचवून पेशी वाचत असेल, तर बाहेरून प्रथिन का टोचू नये? मधुमेहाला इन्सुलिन टोचतोच की. अडचण अशी की इन्सुलिनला पेशीच्या दारावर टकटक करायची असते, आत जायचं नसतं. तंतुकणिकेपर्यंत जाणं ही निराळी गोष्ट आहे.

तुमच्यापैकी जे पावसाळ्यात आलापल्लीहून भामरागडला निघाले असतील त्यांना हे पटकन कळेल. आधी घनदाट जंगल, मग बांडिया नदी, मग नाले, आणि अगदी दारात पर्लकोटा फुगलेली. गाव समोर दिसतंय, पण पलीकडे जाता येत नाही. रक्तात टोचलेल्या प्रथिनाची गत अशीच. पहिली अडवणूक रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीची, जी मोठा रेणू सहसा आत घेत नाही. ती ओलांडली तर पेशीचं आवरण. त्यातून पेशीनं गिळलं, तर ते एका पिशवीत अडकतं आणि ती पिशवी थेट कचरा जाळणाऱ्या लायसोझोमकडे जाते. आणि या सगळ्यातून सुटलं तर तंतुकणिकेला स्वतःची दोन आवरणं आहेत.

लायसोझोममध्ये प्रथिन पोहोचवणं त्यामानानं सोपं आहे, कारण पेशी गिळलेलं सगळं शेवटी तिकडेच नेते. बॅटन नावाच्या लहान मुलांच्या आजाराच्या एका प्रकारासाठी 2017 पासून असं एक प्रथिन दर पंधरा दिवसांनी मेंदूच्या पोकळीत थेट सोडतात. तंतुकणिका त्या वाटेवर नाहीच.

पण तंतुकणिकेची स्वतःची डाक आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. हजाराच्या वर प्रथिनांवर तंतुकणिका चालते, पण त्यातली फक्त 13 तिच्या स्वतःच्या जनुकांतून बनतात. बाकीची केंद्रकाच्या हुकमानं बाहेर बनतात आणि आत आणावी लागतात. म्हणून बहुतेकांच्या डोक्याला एक पत्त्याची चिठ्ठी असते, वीस ते पन्नास अमिनो आम्लांची, धन भाराची. तंतुकणिकेचं आतलं आवरण आतून ऋण असतं, सुमारे 180 मिलिव्होल्टचं. चिठ्ठी दारात आली की हा विजेचा ओढा तिला आत खेचतो. आत गेल्यावर एक कातर ती चिठ्ठी कापून टाकते.

आणि प्रथिन आत शिरतं ते घडी उलगडून. इंद्रावतीकाठची माणसं बैलगाडी पलीकडे कशी नेत, ते जुन्या लोकांना विचारा. अख्खी गाडी डोंग्यात मावत नाही. चाकं काढायची, साटा सोडायचा, जू वेगळं करायचं, एकेक तुकडा डोंग्यातून न्यायचा आणि पलीकडच्या काठावर परत जुळवायची. प्रथिनही असंच, सुतासारखं सरळ होऊन दारातून जातं आणि आतली मदतनीस प्रथिनं त्याची घडी पुन्हा बसवतात. कारखान्यात बनवलेलं प्रथिन बाहेरच घट्ट घडी होऊन बसलं, तर ते दारात अडकतं. औषध बनवणाऱ्यांची निम्मी झोप इथंच उडते.

या वाटेवर सर्वांत पुढे गेलेलं प्रथिन म्हणजे फ्रॅटॅक्सिन. हायडेलबर्गच्या फ्रीड्राइखनं 1863 मध्ये एका आजाराचं वर्णन केलं. शाळकरी वयातली मुलं चालताना झोकांड्या खाऊ लागतात, पुढे खुर्चीला खिळतात, हृदयही दुखावतं. 1996 मध्ये कळलं की या मुलांत फ्रॅटॅक्सिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असतो. हे प्रथिन तंतुकणिकेत लोह आणि गंधकाची जी जुळणी करतं, तिच्यावाचून आपला तो कोळशाचा पट्टाही उभा राहत नाही. अमेरिकेतल्या इंडियानात मार्क पेन यांच्या गटानं फ्रॅटॅक्सिनला एक शेपूट जोडलं. ते शेपूट एड्सच्या विषाणूच्या 'टॅट' नावाच्या प्रथिनातलं आहे. अकरा अमिनो आम्लांचा तुकडा, धन भारानं भरलेला, पेशीच्या आवरणातून आत सरकण्याची खोड असलेला. 1988 मध्ये दोन वेगळ्या गटांना ही खोड दिसली होती. विषाणूची चोरवाट औषधानं वापरली. युक्ती अशी की पेशीत शिरल्यावर फ्रॅटॅक्सिनची स्वतःची चिठ्ठी त्याला तंतुकणिकेत नेते, आणि तिथली कातर चिठ्ठीबरोबर टॅटही कापून टाकते. उरतं ते शुद्ध 130 अमिनो आम्लांचं फ्रॅटॅक्सिन. आजारी उंदीर त्यानं जास्त जगले. माणसांत नोमलॅबोफुस्प या नावानं त्याच्या चाचण्या चालू आहेत. रोज कातडीखाली टोचायचं. रुग्णांच्या त्वचेत आणि गालाच्या आतल्या पेशींत फ्रॅटॅक्सिन वाढलेलं दिसलं, काहींना तीव्र अ‍ॅलर्जीही झाली. मेंदूत आणि मज्जारज्जूत किती पोहोचतं, ही खरी परीक्षा आहे आणि तिचा निकाल लागायचा आहे.

मला या संशोधनाचं फार कौतुक आहे, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही कॉम्प्लेक्स वन कमजोर असल्याचं 1989 पासून माहीत आहे. पत्त्याची ही विद्या हाती आली तर तिचा उपयोग एका दुर्मिळ आजारापुरता राहणार नाही. पण उद्या असं ग्लुटारेडॉक्सिन निघालं, तर ते माझ्या गावच्या माणसाला मिळेल का? दुर्मिळ आजारांसाठी 2021 चं राष्ट्रीय धोरण आहे, ठरावीक केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, आणि त्यातलं एक केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. मुंबई भामरागडपासून किती लांब, ते तुम्हीच मोजा. गडचिरोलीच्या 86 गावांत 'सर्च' या संस्थेनं केलेल्या पाहणीत दर सात मृत्यूंतला एक पक्षाघातानं झालेला आढळला. ज्या जिल्ह्यात पक्षाघाताचा रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचत नाही, तिथं तंतुकणिकेत पोहोचणाऱ्या प्रथिनाची गोष्ट सांगताना माझी जीभ जरा अडखळते.

आणि लाखोळीच्या बाबतीत ते इंजेक्शन लागूही नाही. मेलेली मज्जापेशी प्रथिनानं उठत नाही. गंज चढायच्या दिवसांतच काही करायचं असेल तर करता येतं, आणि तेव्हा माणूस डॉक्टरकडे येत नाही, कारण त्याला अजून काही झालेलं नसतं. तेव्हा तो फक्त उपाशी असतो.

इथिओपियात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच आजाराची मोठी साथ आली. तिथं संशोधक गेताहून आणि बेल्जियमचे लांबेन यांनी पाहिलं की ज्या घरांत लाखोळीबरोबर धान्य मिसळून खाल्लं गेलं, तिथं आजार कमी. कारण आता तुम्हाला ओळखीचं वाटेल. लाखोळीत गंधकाची अमिनो आम्लं कमी, धान्यात जास्त. त्यांतूनच पेशी ग्लुटाथायोन बनवते आणि ग्लुटारेडॉक्सिनचं काम चालतं. आमच्या ताटातला भात नुसतं पोट भरत नव्हता, पट्ट्याचा गंज काढत होता. आपल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी धान शोधलं तेव्हा चव आणि उतारा त्यांच्या डोळ्यांपुढे असेल. पण भाताची मूठ तंतुकणिकेपर्यंत जाते, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना आवडलं असतं असं मला वाटतं.

बंदीबद्दल थोडं बोलतो. 1961 मध्ये अन्नभेसळ नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. हेतू वाईट नव्हता. पण बंदी दाण्यावर आली, धान्यात मजुरी देण्यावर आली नाही. झालं काय? शेतकरी लाखोळी पेरतच राहिला, आडत्यानं ती 'बंदीचा माल' म्हणून पडेल भावानं घेतली, आणि ती हरभऱ्याच्या बेसनात, तुरीच्या डाळीत मिसळून शहरात गेली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं झुंज दिली. त्यांच्या सगळ्या म्हणण्याशी मी सहमत नाही. लाखोळी अगदी निर्दोष असल्यासारखं ते बोलत, आणि त्या म्हाताऱ्याला तपासलेला माणूस तसं म्हणू शकत नाही. पण गरिबाचं पीक गुन्हेगार ठरवलं गेलं हे त्यांचं दुखणं खरं होतं. 2008 मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासकांनी गोंदियातल्या गावांत पाहणी केली, ती 2014 मध्ये छापली गेली. लाखोळी घरोघरी होती, आजार जवळजवळ नव्हता. रेशनचा तांदूळ आला, मजुरी पैशात मिळू लागली, ताट बदललं. 2016 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनं रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना हिरवा कंदील दाखवला. रतन दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत ऊतिसंवर्धनातून निघालं आहे. चांगलंच झालं. पण मधमाशी वाण ओळखत नाही. शेजारच्या बांधीत गावरान लाखोळी असेल तर पुढच्या बियाण्यात ओडॅप परत चढतं. बी दरवर्षी तपासायला हवं.

ओडॅप पाण्यात विरघळतं. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं, किंवा शिजवताना पहिलं पाणी सांडलं, की बरंचसं निघून जातं. हे प्रयोगशाळेनं सांगायच्या आधी आपल्या बायकांनी कसं ओळखलं, देव जाणे.

म्हाताऱ्याची बायको अजून आहे. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. चुलीवर लाखोळी रटरटत होती. तिनं पहिलं पाणी परसात उलटलं. मी विचारलं, काहून? "सासूनं सांगतलं होतं, पयलं पानी सांडाचं म्हणून." मग आजोबांच्या वेळी? ती थोडा वेळ गप्प राहिली. "तवा पानी बी आनाव लागे जी, विहिरीवून. आन डाळ बी मोजकीच. सांडवत नव्हतं."

निघताना तिनं डब्यात पायलीभर लाखोळी भरून दिली. तिच्याच बांधीतली, मागच्या कोरड्या सालची. म्हटलं, यात ओडॅप किती ते तपासून आणतो. रंगावरून ओडॅप मोजायची रीत राव यांनीच 1978 मध्ये दिलेली आहे, महागडं यंत्र लागत नाही. नागपुरात एका प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी विचारलं, कंपनीचं पत्र आहे का? शेतकऱ्याचा नमुना घेत नाही म्हणाले. दुसरीकडे दर ऐकून परत आलो.

सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातलं किंवा इथल्या एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातलं कुणी सभागृहात बसलं असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला पायऱ्यांपाशी भेटा. डबा गाडीतच आहे.